कुत्र्याच्या गुडघ्याची वाटी सरकणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉम, शित्झू, पग, चिवावा अशी छोटी कुत्री ज्यांच्या घरात आहेत त्यांच्याकडून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो, की चालता चालता मधेच पाय उचलतो, लंगडी घालतो आणि मग काही झालंच नाही असा पळतो, हे काय आहे? आमच्या ठकीचंही असंच सुरू झालं होतं. ती पॉमेरेनियन, आता 9 वर्षांची, दोन्ही मागच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा "सवय आहे, जाईल" असं सांगितलं गेलं, आम्हालाही तेच ऐकायचं होतं, आणि त्यात जवळपास एक वर्ष गेलं. ते वर्ष मला अजून खुपतं, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या कुत्र्याच्या पायाला हात लावून जो डॉक्टर बघेल त्याचा शब्द शेवटचा, पण त्याच्याकडे जाताना काय विचारायचं हे तरी इथून कळेल. प्रश्न लोकांचेच आहेत, शब्दही जवळपास त्यांचेच.

1. वाटी सरकते म्हणजे नक्की काय होतं? मुळात कुत्र्याचा गुडघा कुठे असतो तेच कळत नाही.

मागच्या पायाला मागच्या बाजूने जे टोकदार कोपरासारखं दिसतं त्याला खूप जण गुडघा समजतात, पण तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पुढच्या बाजूला, पोटाच्या कातडीची घडी पायाला मिळते तिथे. हळूच बोट फिरवलंत तर छोट्या कुत्र्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी कडक हाताला लागतं, ती वाटी.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पन्हळीसारखी खाच असते आणि पाय वाकवला, सरळ केला की वाटी त्या पन्हळीतून वरखाली सरकते, स्लायडिंग खिडकी चॅनेलमधून सरकते तशी. वरून मांडीचा मोठा स्नायू वाटीला धरून असतो आणि खालून एक जाड पट्टा तिला नडगीच्या हाडाशी बांधतो. आता पन्हळ उथळ असेल, किंवा नडगीवर जिथे तो पट्टा बांधलाय ती जागाच आत वळलेली असेल, तर स्नायू ताणला की वाटी काठावरून उतरून बाजूला जाते. छोट्या कुत्र्यांत बहुतेक वेळा आतल्या बाजूला. आणि वाटी बाजूला गेली की गुडघा सरळ करायची ताकदच जाते, म्हणून तो पाय वर धरतो.

2. आमचा मधेच दोन-चार पावलं तीन पायांवर उड्या मारतो आणि मग नीट पळतो. हेच ते का?

बहुतेक हेच, पण खात्री तपासल्यावरच. या त्रासाची सगळ्यात ओळखीची खूण हीच आहे, पळता पळता एक मागचा पाय अचानक वर, दोन-चार टप्पे लंगडी, मग पाय मागे ताणून झटकला की वाटी टक् करून जागेवर बसते आणि गाडी पुन्हा सुरू. ठकी तर पाय मागे इतका लांब करायची की आम्हाला वाटायचं आळस देतेय.

बाकीच्या खुणा बारीक असतात. बसताना एक पाय बाजूला फेकून बसणं, सोफ्यावर चढायच्या आधी दोनदा विचार करणं, जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम सशासारखे टाकणं, मागून बघितलं तर पाय फेंगडे दिसणं, आणि गुडघ्यापाशी सारखं चाटणं.

एक काम नक्की करा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा, एक मागून, एक बाजूने. क्लिनिकमध्ये गेल्यावर घाबरून कुत्रं अगदी शहाण्यासारखं चालतं आणि डॉक्टरला काही दिसतच नाही, आमचं वर्ष त्यातच गेलं.

आणि हो, लंगडतोय म्हणजे वाटीच असं नाही. पंजात काटा, बोटांमधली जखम हे आधी बघा. छोट्या जातींच्या तरुण पिल्लांत, साधारण वर्षाच्या आतबाहेर, खुब्याच्या हाडाचा गोळा रक्तपुरवठा कमी पडून झिजतो असाही एक आजार आहे, त्यात लंगडणं सतत असतं आणि वाढत जातं. म्हणून डॉक्टर खुबाही बघतात.

3. कुठल्या जातींना जास्त होतं?

पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय आणि मिनिएचर पूडल, माल्टीज, शित्झू, ल्हासा, पग, फ्रेंच बुलडॉग, बॉस्टन टेरियर. माद्यांमध्ये थोडं जास्त दिसतं. आपल्याकडे घरोघरी ज्याला पॉमेरेनियन म्हणतात ते बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतं, जरा मोठं, लांब तोंडाचं, पण तपासणी त्याचीही करायला हरकत नाही. मोठ्या कुत्र्यांचं वेगळं आहे, ते प्रश्न 18 मध्ये.

4. सोफ्यावरून उडी मारली त्याच दिवशी सुरू झालं. मग आनुवंशिक कसं?

कारण त्या दिवशी फक्त दिसलं. गुडघ्याची ठेवण पिल्लू आईच्या पोटात असल्यापासून ठरत आलेली असते, खुबा कसा बसलाय, मांडीचं हाड किती वाकलंय, नडगी किती पिळलेली आहे, या सगळ्याचा परिणाम शेवटी वाटीवर येतो. जन्मल्यावर वाटी बऱ्याचदा जागेवर असतेही. पण पिल्लू वाढतं तसं स्नायू तिला थोडं थोडं आतल्या बाजूला ओढत राहतात, आणि इथे एक वाईट चक्र सुरू होतं. पन्हळ खोल होते ती वाटीच्या दाबानेच, वाटी पन्हळीत नीट बसली तर हाड तिच्या मापाने खोलगट वाढतं, आणि वाटी सारखी पन्हळीबाहेर राहिली तर पन्हळ सपाटच राहते, आणि पन्हळ सपाट म्हणून वाटी अजून बाहेर.

म्हणून घरातल्या ज्या मुलाने किंवा आजोबांनी सोफ्यावरून उतरताना त्याला धरलं नाही त्यांना प्लीज दोष देऊ नका. मला एका ताईंनी लिहिलं होतं की या एका गोष्टीवरून सासूबाई वर्षभर स्वतःला बोल लावत होत्या. उडीने ठिणगी पडली असेल, पण लाकडं आधीच रचलेली होती. खराखुरा अपघात असेल तर प्रश्न 17 बघा.

5. आई-वडील दोघंही ठणठणीत होते, आम्ही स्वतः बघितलेत. मग पिल्लाला कसं आलं?

एका जनुकाचं काम असतं तर हिशोब सोपा होता. इथे बरीच जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. आईकडून थोडं, बापाकडून थोडं, दोघांत मिळून त्रास दिसण्याइतकं नव्हतं, पिल्लात ते एकत्र आलं. शिवाय "ठणठणीत" म्हणजे काय हेही बघा, ग्रेड 1 ची, म्हणजे सगळ्यात सौम्य त्रासाची (ग्रेड प्रश्न 7 मध्ये), बरीच कुत्री कधीच लंगडत नाहीत, मालकाला पत्ताही नसतो, फक्त हाताने तपासलं तरच कळतं.

लाळेचा नमुना पाठवून याचं हो-नाही सांगेल अशी, सगळ्या जातींना चालणारी भरवशाची डीएनए टेस्ट नाहीये. म्हणून आई-बाप, आणि जमलं तर त्यांची भावंडं आणि आधीची पिल्लं, सगळ्यांचे गुडघे हाताने तपासणं हाच रस्ता.

6. डॉक्टर तपासतात कसं? एक्स-रे, भूल वगैरे लागतं का?

मुख्य तपासणी हाताची. आधी चालताना बघतात, मग उभ्या कुत्र्याचा आणि नंतर कुशीवर झोपवून एकेक पाय हातात घेतात, एका हाताने पंजा धरून नडगी आत-बाहेर फिरवतात, दुसऱ्या हाताचा अंगठा वाटीवर. पाय सरळ करताना वाटीला हळू ढकलून बघतात, जाते का, गेली तर आपली आपण येते का. ठकीच्या वेळी त्या डॉक्टरबाईंनी माझं बोट धरून त्या जागी ठेवलं आणि पाय सरळ केला, आणि ती शेंगदाण्याएवढी वाटी माझ्या बोटाखालून सुळकन आतल्या बाजूला निसटली, ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो. ठकी त्या वेळी शांतपणे टेबलावरचा टॉवेल चाटत होती.

यासाठी भूल लागत नाही. फारच घाबरट किंवा चावरं असेल तर गुंगीचं इंजेक्शन देतात. एक्स-रे ग्रेड ठरवायला नसतो, हाडं किती वाकलीत, सांध्यात झीज सुरू झालीय का, खुबा कसा आहे हे बघायला असतो, आणि ऑपरेशन ठरलं तर लागतोच. फोटो काढताना वाटी नेमकी जागेवर असली तर एक्स-रे छान दिसतो, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर घरी जाऊ नका, गुडघा हाताने तपासलात का हे विचारा.

7. ग्रेड 2, ग्रेड 3 म्हणतात ते काय?

1968-69 पासून जगभर हीच चार पायऱ्यांची पद्धत चालू आहे.

ग्रेड 1 मध्ये वाटी जागेवर असते, डॉक्टरने ढकलली तरच बाहेर जाते आणि सोडली की लगेच परत. ग्रेड 2 मध्ये ती चालताना आपली आपण निसटते, कधी लगेच बसते, कधी पाय झटकल्यावर. लंगडी घालणारी बहुतेक कुत्री इथली. ग्रेड 3 म्हणजे वाटी बहुतेक वेळ बाहेरच, हाताने बसवता येते पण हात काढला की पुन्हा बाहेर. ग्रेड 4 म्हणजे कायम बाहेर, हातानेही बसत नाही, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि कुत्रं मागून खाली बसल्यासारखं, गुडघे वाकवून चालतं.

एक फसवी गोष्ट सांगते. ग्रेड 2 वरून 3 ला गेलेल्या कुत्र्याची लंगडी कधी कधी कमी होते. कारण वाटी आता आतबाहेर करतच नाही, बाहेरच राहते, आणि कुत्रं त्या वाकड्या पायाची सवय करून घेतं. घरचे म्हणतात बरा झाला. आम्हीही म्हणालो होतो. रिपोर्टवर दोन्ही पायांचा ग्रेड वेगवेगळा लिहून घ्या, कारण साधारण अर्ध्या कुत्र्यांत दोन्ही गुडघ्यांना त्रास असतो आणि ग्रेड सारखाच असेल असं नाही.

8. तो ओरडत नाही, खातो-पितो, खेळतो. म्हणजे दुखत नाही ना?

असं धरून चालू नका. वाटी काठावरून जाते-येते तेव्हा तिच्या आतली गुळगुळीत कूर्चा घासली जाते, आणि वर्षानुवर्षं घासली की खालचं हाड उघडं पडतं. हे दुखणं ओरडायचं नसतं, कमी करायचं असतं, म्हणजे खेळ थोडा कमी, उड्या थोड्या कमी, फिरायला गेल्यावर लवकर घराकडे वळणं. आपण म्हणतो आता शहाणा झाला, वय झालं. दोन वर्षांचं पॉम "शांत" झालं असेल तर त्याचे गुडघे तपासा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. किंचाळून पाय वर धरला आणि खालीच टेकवत नाही, तर प्रश्न 16.

9. ग्रेड 1-2 आहे, ऑपरेशन नको म्हणालेत. मग घरी काय करायचं?

पहिलं वजन. तीन किलोच्या कुत्र्यावर अर्धा किलो चढला तर तो साठ किलोच्या माणसावर दहा किलो चढल्यासारखा आहे, आणि अर्धा किलो म्हणजे रोजचा एक पोळीचा तुकडा तूप लावून, दोन बिस्किटं आणि जेवताना प्रत्येकाने टेबलाखाली दिलेला एकेक घास, एवढ्यानेच चढतो. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, दाबाव्या लागल्या तर वजन जास्त आहे, आणि वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. केस भरपूर असल्यामुळे पॉमचं डोळ्यांनी कळत नाही, हातानेच बघा. घरात सगळ्यांना बसवून एकदाच ठरवा की खाऊ कोण देणार, नाहीतर चार जण देतात आणि प्रत्येकाला वाटतं मी तर एवढंसंच दिलं.

दुसरं फरशी. आपल्या फ्लॅटमधल्या त्या चकचकीत टाइल्स या कुत्र्यांसाठी बर्फ आहेत. बेल वाजली की कुत्रं पॅसेजमधून सुटतं, वळणावर मागचे पाय फाकतात आणि वाटी गेली. अख्खं घर बदलायची गरज नाही, तो जिथे पळतो आणि वळतो तेवढ्या पट्ट्यात रबराच्या पाठीची पायपुसणी किंवा जुनी योगा मॅट कापून टाका. पंजाच्या गादीमधले केस दर काही आठवड्यांनी कापा, नखं वाढू देऊ नका, याने पकडीत मोठा फरक पडतो.

तिसरं व्यायाम, आणि इथे लोक उलटं करतात, जपायचं म्हणून हिंडवणंच बंद करतात. मांडीचा स्नायू बारीक झाला तर वाटीला धरणार कोण? रोज दोन-तीन वेळा पट्ट्यावर, सावकाश, सपाट किंवा हलक्या चढावर चालवा. बॉल फेकून झटकन वळवणं, दोन पायांवर उभं करून नाचवणं, सोफा-बेडवरच्या उड्या हे बंद. बेडवर झोपायची सवय असेल तर छोटी पायरी ठेवा किंवा उचलून घ्या.

आणि सहा महिन्यांनी परत तपासणी. ग्रेड बदलतो, म्हणून एकदा कळलं की झालं असं नाही.

10. वाटी बाहेर गेली की मी स्वतः बसवू का? मालिश, पट्टा वगैरे?

डॉक्टरने तुम्हाला हात धरून शिकवलं असेल तरच. नाहीतर पाय ओढू नका, बहुतेक वेळा त्याला शांत उभं राहू दिलं की तो स्वतः पाय मागे ताणून बसवतो. हाडं बसवणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका. माणसाच्या खांद्यासारखं एकदा बसवलं की झालं असं हे नाही, पन्हळच उथळ आहे, ती पुन्हा निसटणारच.

मांडीच्या स्नायूला हलक्या हाताने मालिश केलं तर कुत्र्याला बरं वाटतं, करा, पण माणसांचे बाम आणि वेदनाशामक तेलं नकोत, तो ते चाटणार. बाजारात मिळणारे गुडघ्याचे पट्टे छोट्या कुत्र्यांच्या निमुळत्या मांडीवर टिकतच नाहीत, खाली घसरतात आणि कातडी घासते.

11. कुठली गोळी द्यायची? कॅल्शियम, ग्लुकोसामाइन चालतं का?

घरातल्या डब्यातली कुठलीच नाही. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. माणसाची आयब्रुफेनची एक गोळी छोट्या कुत्र्याच्या पोटात जखमा करू शकते, मूत्रपिंडं खराब करू शकते. डॉक्टर कुत्र्यांसाठीचं मेलोक्सिकॅम किंवा कारप्रोफेन वजनावर मोजून देतात, तेही ठराविक दिवस, आणि उलटी, काळी शी, खाणं बंद यातलं काही दिसलं की थांबवून फोन करायचा.

ग्लुकोसामाइन दिलं तर सहसा अपाय नाही, पण त्याचा पुरावा कच्चाच आहे, आणि कुठलीही पावडर पन्हळ खोल करत नाही. पिल्लाला चांगलं पपी फूड चालू असेल तर वर कॅल्शियमचं सिरप लागत नाही, मोठ्या जातीच्या पिल्लांना तर जादा कॅल्शियम हाडांचं नुकसान करतं.

12. ऑपरेशन कधी करायचंच?

ग्रेड 1 ला सहसा नाही. ग्रेड 2 ला कुत्र्याकडे बघून, आठवड्यातून एकदा लंगडी घालतो का रोज दहा वेळा, वय काय, झीज किती. सारखा त्रास असेल तर करावं. ग्रेड 3 आणि 4 ला बहुतेक वेळा करावंच लागतं, आणि जितका उशीर तितकी हाडं वाकतात आणि काम अवघड होतं. वाढत्या पिल्लाचं तर फारच घाईचं, ते प्रश्न 15 मध्ये.

हाडांची ऑपरेशनं नियमित करणारा सर्जन शोधा. "महिन्यात वाटीची किती करता, आणि परत सरकलेली किती बघितलीत" हे विचारायला लाजू नका, चांगला सर्जन राग मानत नाही. खाजगीत खर्च झेपत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यात चौकशी करा, महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे आहेत. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात भूल, आधीच्या रक्ततपासण्या, पिना, नंतरचे एक्स-रे धरलेत का ते बघा, कारण नुसता ऑपरेशनचा आकडा ऐकून गेलेली माणसं बिल बघून हबकतात.

13. ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

सहसा तीन गोष्टी, ज्याला जेवढ्या लागतील तेवढ्या. एक, पन्हळ खोल करणं, वरची कूर्चा हाडाच्या तुकड्यासकट पाचरीसारखी उचलतात, खालचं हाड थोडं काढतात आणि तोच तुकडा परत बसवतात, म्हणजे गुळगुळीतपणा तसाच राहतो. दोन, नडगीवर जिथे पट्टा बांधलेला आहे तो हाडाचा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि पिनेने बसवतात, म्हणजे स्नायूची ओढ सरळ रेषेत येते. तीन, सांध्याभोवतीचा आतल्या बाजूचा आवळलेला पडदा सैल करणं आणि बाहेरच्या बाजूचा सैल पडलेला टाके घालून आवळणं. ग्रेड 4 मध्ये मांडीचं हाडच फार वाकलेलं असेल तर ते कापून सरळ करून प्लेट लावतात.

नुसते टाके घालून आवळून देतो असं कोणी म्हणालं आणि ग्रेड 3 असेल तर दुसरं मत घ्या. हाडं तशीच वाकडी ठेवून नुसतं कातडं-पडदे आवळले तर ते हळूहळू ताणतात आणि वाटी परत जाते.

14. ऑपरेशननंतर किती दिवस सांभाळायचं? दोन्ही पायांचं एकदम करायचं का?

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, आणि तेवढे दिवस म्हणजे तेवढेच दिवस. सगळ्यात अवघड हेच आहे, कारण दोन आठवड्यांत कुत्रं पाय टेकवायला लागतं आणि त्याला वाटतं मी बरा झालो. ठकी सतराव्या दिवशी सोफ्याकडे धावली होती, मी हातातला चहा टाकून तिला धरलं.

मोठा पिंजरा किंवा लहान मुलांचं घडीचं कुंपण, खाली न घसरणारी गादी, शी-शूला पट्ट्यावर आणि लगेच परत, जिने उचलूनच. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन टाके काढेपर्यंत काढायचा नाही, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी, दोन मिनिटांत टाके उसवतात. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. पाय हलक्या हाताने वाकवण्याचे व्यायाम डॉक्टर दाखवतील तेव्हापासून. सहा-आठ आठवड्यांनी एक्स-रे, मग हळूहळू मोकळं. मधेच लंगडणं वाढलं, किंवा नडगीच्या पुढे कातडीखाली टोकदार काहीतरी लागलं, तर पीन सरकलेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

दोन्ही पायांचं बरेच सर्जन वेगवेगळं करतात, मधे काही आठवडे ठेवून, म्हणजे कुत्र्याला उभं राहायला एक धड पाय राहतो. अगदी हलक्या कुत्र्यांचं एकदम करणारेही आहेत. आमचं दोन हप्त्यांत झालं आणि दुसऱ्या वेळी आम्हाला सगळं माहीत होतं म्हणून सोपं गेलं.

15. पिल्लू चार महिन्यांचंच आहे, वाढलं की आपोआप बरं होईल ना?

वाढीनेच हे बिघडतं, ते का हे प्रश्न 4 मध्ये आहे. ग्रेड 1 असेल तर दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासत थांबता येतं. पण चार महिन्यांच्या पिल्लाची वाटी बहुतेक वेळ बाहेर असेल तर एक आठवडाही घालवू नका, लगेच सर्जनला दाखवा, कारण हाडं वाढताहेत ती वाकडी वाढताहेत. इतक्या लहान वयात हाडाची वाढीची टोकं उघडी असतात म्हणून सगळ्या पद्धती वापरता येत नाहीत, पण मऊ भागांवर आणि पन्हळीवर काम करून वाटी जागेवर आणता येते, पुढचं नंतर बघतात.

16. वर्षानुवर्षं ग्रेड 2 होता, काही त्रास नव्हता, आता 8 वर्षांचा आहे आणि अचानक पाय टेकवतच नाही. वाटीच का?

या वेळी बहुतेक नुसती वाटी नाही. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असतं जे नडगीला पुढे घसरू देत नाही, वाटी सरकणाऱ्या कुत्र्यांत त्याच्यावर वर्षानुवर्षं वेडावाकडा ताण येतो आणि मध्यम वयानंतर ते तुटू शकतं. ओळखायचं कसं, तर वाटीची लंगडी येते-जाते, ही जात नाही, बोटं टेकवून उभा राहतो पण वजन टाकत नाही. "जुनंच आहे, जाईल" म्हणून थांबू नका, तपासून घ्या. दोन्ही गोष्टी एकाच ऑपरेशनमध्ये दुरुस्त करता येतात. वय जास्त आहे म्हणून घाबरत असाल तर रक्त आणि हृदय तपासून भूल देता येते, आठ-दहा वर्षांच्या छोट्या कुत्र्यापुढे अजून बरीच वर्षं असतात.

17. आमचा गावठी आहे, गाडीने उडवल्यावर वाटी सरकली. त्यालाही हेच लागू का?

अर्धंच. मार लागून वाटी सरकली तर बाजूचे पडदे फाटलेले असतात, पन्हळ बहुतेक चांगली खोल असते, म्हणून दुरुस्ती वेगळी आणि बऱ्याचदा सोपी, पण लवकर करायची. आधी मात्र छाती, पोट, कंबर बघून घ्या, गाडीच्या मारात गुडघा ही सगळ्यात छोटी काळजी असू शकते.

18. आमचा लॅब्रेडॉर आहे, डॉक्टर म्हणाले वाटी बाहेरच्या बाजूला जाते. मोठ्या कुत्र्यांनाही होतं?

होतं. बाहेरच्या बाजूला जाणं मोठ्या जातींत जास्त दिसतं, तरी त्यांच्यातही आत जाणारे कमी नाहीत. यांचं लंगडणं छोट्यांसारखं येतं-जातं नसतं, जास्त दुखतं, वजनच तेवढं असतं. दोन्ही वाट्या बाहेरच्या बाजूला जात असतील तर मागचे गुडघे एकमेकांवर घासल्यासारखे चालतात. मांडीचं हाड किती वाकलंय हे आधी नीट मोजावं लागतं आणि खुबेही तपासावे लागतात, म्हणून यांना अनुभवी सर्जनच हवा.

19. ग्रेड 1 च आहे, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असं घरच्यांना वाटतं. आणि ऑपरेशन झालंय, आता तर चालेल ना?

दोन्हीला माझं उत्तर नाही. ऑपरेशनने गुडघा बदलतो, रक्त बदलत नाही, तीच जनुकं पिल्लांत जाणार. आणि ग्रेड 1 च्या आईला ग्रेड 3 ची पिल्लं होऊ शकतात, कारण प्रश्न 5 मध्ये सांगितलंय. "एकदा पिल्लं झाली की मादी निरोगी राहते" हाही समज आहे, त्याला काही आधार नाही.

ठकीसाठी शेजारच्या सोसायटीतल्या काकांनी तीनदा विचारलं होतं, त्यांचा नर इतका देखणा होता, कापसाचा गोळाच. मी त्यांना म्हटलं काका, आधी त्याचे गुडघे तपासून घ्या. त्यांनी घेतले, ग्रेड 2 निघाला. चार पिल्लं झाली असती, चार घरात गेली असती, आणि त्यातल्या दोन घरांत तरी कोणीतरी आमच्यासारखं रात्री गुडघ्याला बर्फ लावत बसलं असतं. पिल्लं नको असतील तर नसबंदी करा, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंच असेल तर त्याच भुलेत जमेल का हे सर्जनला विचारा.

20. नवीन पिल्लू घ्यायचंय. वाटीचा त्रास नसलेलं कसं ओळखायचं?

शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, पण शक्यता बरीच कमी करता येते. आई आणि बाप दोघांच्या गुडघ्यांचा लेखी रिपोर्ट मागा, एक वर्ष पूर्ण झाल्यानंतरचा. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्थाही 12 महिन्यांनंतरच गुडघ्याची पक्की नोंद देते, कारण त्याआधी चांगले वाटलेले गुडघे नंतर बिघडू शकतात. ब्रीडर म्हणाला "केनेल क्लबचे पेपर आहेत", तर ते वंशावळीचे असतात, गुडघ्याबद्दल त्यात काही नसतं.

आई बघायला मिळाली पाहिजे, फोटोत नाही, समोर, चालताना. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे चालतच नाही, त्याच नियमांत ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी असंही आहे, नोंदणी क्रमांक विचारा. "टीकप", "मायक्रो" म्हणून जितकं छोटं तितकं महाग विकतात त्यापासून लांब राहा, नुसत्या आकारासाठी जोड्या लावणाऱ्याने गुडघे बघितले असतील असं मला नाही वाटत.

पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या लसीकरणालाच डॉक्टरांना सांगा, गुडघे बघा. मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. आणि काही निघालं तर ब्रीडरला लेखी कळवा, रिपोर्टच्या फोटोसकट, म्हणजे ती जोडी पुन्हा लावताना त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. ठकीचा रिपोर्ट मी पाठवला होता. उत्तर आलं नाही, पण दोन वर्षांनी तिच्या आईची पुढची पिल्लं घेतलेल्या एका कुटुंबाने मला शोधून फोन केला, आणि त्यांच्या पिल्लाची वाटी आम्ही पाचव्या महिन्यात पकडली.